म्हशींची कड

बाणगंगेच्या गोठ्यात तो हौद होता.
अकरा म्हशी, एक बिडाचा टब,
वाघाचे पंजे तीन, चौथ्याच्या जागी वीट.
परसरामने विचारलं, कशाला हवाय?
आंघोळीला, म्हटलं.
तो हसला नाही. म्हशींकडे बघून म्हणाला,
इनसे भी पूछ लो.

सहा माणसं, एक हातगाडी,
आणि जिन्याच्या वळणावर एक शब्द
जो मी इथे लिहीत नाही.
श्रीनिवास म्हणाला, नर्मदा येते दिवसाआड, पाऊण तास.
तू त्यात पडून राहणार,
की आम्ही त्यातून पिणार?

महिनाभर गच्चीवर तारेचा ब्रश.
पोपटी रंगाखाली राखाडी,
राखाडीखाली बीड, काळं, दाणेदार, तव्यासारखं.
वरणाला गंजाची चव.
पोटाखाली ओतीव अक्षरं होती,
त्यातला सात तेवढा वाचता आला.

खरा घोळ भोकाचा.
आजची एकही जाळी बसेना.
सियागंजात दुकानामागून दुकान:
हे माप बंद झालं, बाई.
मुफद्दलने चष्मा कपाळावर ढकलला,
कॅलिपर लावला, पुन्हा लावला,
पितळेचा दांडा लेथवर चढवून
बुश कातून दिला,
वर जुने आटे, खाली नवे.
पैसे?
आधी भरा. गळत नसेल तर बोलू.

गेंदालालने टेफ्लॉनची फीत खिशात घातली,
सुतळी पिंजली, सफेद्यात बोटं बुडवली,
आणि आट्यांवर गुंडाळत गेला,
भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तशी,
जीभ दातांत धरून.

एनॅमलवाला म्हणाला, सगळंच घासून नवं करतो.
पण डोक्याकडच्या कडेला चकाकी नव्हती,
हातभर जागा, मऊ, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी.
तिथून त्या प्यायच्या.
किती वर्षं, किती खरबरीत जिभा.
ही कड राहू दे, मी म्हटलं.
मग गॅरंटी नाही.
नको.

मंगळवारी पाणी आलं.
श्रीनिवासने न बोलता आधी दोन बादल्या भरून घेतल्या,
मग जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं.

रात्री उतरले.
बीड आधी सगळी ऊब पिऊन टाकतं,
मग सावकाश, मोजून, परत देतं.
मान त्या कडेवर टेकली.
पाणी कानाशी आलं तेव्हा
तळाशी पितळ एकदा टुक् वाजलं.
मी हलले नाही.

सकाळी वाकून बघितलं. बाजारभावाचं पान,
कोरडं.
मुफद्दलला फोन केला:
आता बोला, किती झाले?