डाग काढण्याचे वेगळे

सावद्यात स्टँडसमोर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी
माझं दुकान होतं.
वाटणीत शटर भावाकडे गेलं.
आता दुकान म्हणजे पाठीवरची बॅग:
एक कॅमेरा, अकरा हप्ते बाकी,
दोन लेन्स, एकीत बुरशीचा ठिपका,
आणि एक पांढरा रुमाल.

केळीच्या बागेत उजेड हिरवा असतो.
आत शिरलं की मालक काय, मजूर काय,
सगळे एकाच शेवाळाचे.
म्हणून आधी रुमाल धरायचा,
कॅमेऱ्याला सांगायचं, हे बघ, हे पांढरं.
मग तो त्यावरून
बाकीच्या जगाचा हिशोब लावतो.

या खेपेला काम नेहेतेआबांचं.
परदेशी माल जाणार, कॅटलॉग हवं, चाळीस फोटो.
भाव बोलायच्या आधीच त्यांनी चहा मागवला,
तेव्हाच ओळखलं, कमी होणार.
"काय भो, पोराच्या मोबाईलात बी येतो ना असाच फोटू."
"येतो ना, आबा."
एवढंच बोलून गप्प बसायला
मला सतरा वर्षं लागली.
गप्प बसलं की समोरचा पाचशेनं वर येतो.
दोन हजार हातावर,
बाकीचे कंटेनर गेल्यावर.

मे महिना. सकाळी सातला बागेत.
नऊ वाजता कॅमेरा तव्यासारखा,
त्याला ओला पंचा, मला कोरडा.
घड उतरवत होता गुमान बारेला,
पालकडचा, सातपुड्याच्या अंगाचा.
विळ्याचा एक घाव,
आणि घड असा खांद्यावर आला
जसं मांडवात झोपलेलं पोर कुणी अलगद उचलतं.
(लग्नं इतकी केलीत की उपमासुद्धा तिथल्याच सुचतात.)
तो फोटो झाला.
झाला, हे बोटाला आधी कळतं.

आबांनी स्क्रीन सावलीत धरली.
"हात झ्याक आले. फक्त ते काळं काढ.
बाहेरच्याले वाटीन, मालाले रोग आहे."

चीक आहे तो, केळीचा.
लागतो तेव्हा पाणी,
संध्याकाळी तांबूस,
दुसऱ्या दिवशी काळा, आणि मग कायमचा.
"डाग काढण्याचे वेगळे, आबा."
"किती?"
"फोटोमागे वीस."

रात्री लाईट आल्यावर बसलो.
तीनशे टक्के मोठा केला की हात हात राहत नाही,
नांगरट होते.
एकेक डाग उचलत गेलो.
डाव्या मनगटाशी डागाखाली गोंदलेलं काही होतं,
'ला' दिसत होता, पुढे बहुतेक 'ली'.
तेही गेलं.
परत आणता आलं असतं,
पण वीस रुपयांत ते बसत नव्हतं.

चार दिवसांनी गुमान स्टँडवर भेटला.
"माझावाला फोटो. कागदावर पाहिजे. किती?"
"दहा."
त्यानं वीसची नोट आधी दिली,
माझ्याकडे सुटे नव्हते,
म्हणाला, राहू दे, मोठा काढ.
त्या महिन्यातलं पूर्ण मिळालेलं पेमेंट
ते एकच.
मी त्याला न धुतलेला दिला.
त्यानं आधी मनगट पाहिलं,
मग स्वतःचा चेहरा,
मग शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवला.
त्याच्या घामानं तो खराब होणार, हे मी सांगितलं नाही.

परवा यावलला हळद होती.
फोटो बघून नवरीची मावशी म्हणाली,
"पोरगी निळसर का दिसून राहिली?"
मी लेन्स पुसली. दिव्याला दोष दिला.
घरी येऊन रुमाल उलगडला,
मधोमध तळव्याएवढा तांबूस डाग.
त्यालाच पांढरं म्हणत होतो मी दहा दिवस,
आणि कॅमेरा बिचारा विश्वास ठेवत होता.

बायकोनं लिंबू लावलं, रॉकेल लावलं.
निघत नाही.
नवा रुमाल तीस रुपयांना येतो.
घेईन.
कंटेनर गेल्यावर.