मंगळवारचा डाव

हडर्सफील्ड. ग्रंथालयाचं तळघर, संध्याकाळचे सहा.
हीटर चालू आहे, असं फक्त त्याच्यावरचा लाल दिवा म्हणतो.
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांतून मी बावन्न पत्ते कापलेत,
एका बाजूला कोंबड्याचा तुकडा,
दुसऱ्या बाजूला मार्करनं एकेक इंग्रजी शब्द:
भाडं, मीटर, नोटीस, बुरशी, घरमालक, कर्ज.
राजा-राणी नाहीत. गुलाम आहे एक,
त्याच्यावर लिहिलंय – शून्य तासांचा करार.

नियम झब्बूचेच,
सुट्टीत आत्या दुपारभर खेळायची तसे,
नको ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं.
एक कलम मी वाढवलंय:
जे देशील ते आधी मोठ्यानं वाच.

लेतेब्रहानच्या हातात तीनदा भाडं आलं.
ती एवढी हसली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाय आपटला.
मिरोस्लावा बुरशीचं पान खेळेचना.
उलटं करून मांडीवर ठेवलं, म्हणाली,
ही माझ्याकडे आहे. पाळण्यामागे.
मग अर्धा तास डाव थांबला,
कौन्सिलचा नंबर फळ्यावर, आणि
'खोकला' कसा लिहायचा ते
(ह्या भाषेत तो घशापेक्षा अवघड आहे).

क्लाईव्ह मात्र इथलाच.
इथं जन्मला, एकतीस वर्षं ट्रक चालवला,
पाट्या रंगावरून ओळखायच्या, गावं चर्चच्या टोकांवरून.
त्याची पाळी आली की तो खिसे चाचपतो:
चष्मा विसरलो.
सलग सातवा मंगळवार.

लेतेब्रहान काही बोलली नाही.
स्वतःचा चष्मा काढून तिनं टेबलावरून सरकवला,
उतारी करावी तसा.
लाल फ्रेम, एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली.
त्यानं घातला. हसू यावं असा दिसला.
कोणी हसलं नाही.

"डे... डेब..."
डेट, मी म्हटलं. त्यातला बी मुका.
"मग आहे कशाला तिथं?"

बारा वर्षं शिकवतेय. उत्तर नव्हतं.
रझवान, जो कधीच बोलत नाही,
ज्याच्या बोटांना कोंबडीच्या कारखान्याचा गारठा असतो, तो म्हणाला,
आमच्या घरी पण तो असाच असतो.
सगळ्यांना माहीत. उच्चारत नाही कोणी.

आणि तेव्हा क्लाईव्हनं कोटाच्या आतल्या खिशातून
मी न कापलेला एक पत्ता काढला.
जानेवारीतलं पाकीट, न फोडलेलं,
कडा कापसासारख्या झालेल्या,
खिडकीतून दिसणारं त्याचं नाव आणि घर नंबर सव्वीस.
माझ्या भाषेत पानालाही पत्ता, घरालाही पत्ता,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

"हा माझा झब्बू," म्हणाला.
आणि कुणाच्याही गळ्यात न घालता
कलमाप्रमाणे वाचायला लागला.
अडला की एकेक शब्द एकेकानं पुरवला.
'ताबा' मिरोस्लावानं. 'न्यायालय' रझवाननं, खूप सहज, खूपच सहज.
तारीख त्याची त्यानंच वाचली: सतरा मार्च.
आज आठ.
मिरोस्लावानं बोटांवर मोजलं, हात मिटला.

रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या.
पाण्याच्या कपानं ओल्या झालेल्या पानांसकट
मी पत्ते गोळा केले, मोजले: एक्कावन्न.
पुन्हा मोजले. एक्कावन्न.
क्लाईव्ह केव्हाच जिना चढून गेला होता,
उद्या सकाळी नऊला सल्लाकेंद्राच्या दारात भेटायचं कबूल करून,
चष्मा तसाच नाकावर.

"आणेल तो मंगळवारी," लेतेब्रहान म्हणाली.
थांब्यावर पाऊस नव्हता, नुसता वारा.
समोरून एक बस येत होती.
तिनं माझ्या बाहीला धरलं आणि विचारलं,
किती नंबर लिहिलाय?