आटणी

देवळालीच्या छावणीतल्या लिलावात
दोन कंदील, एक मोडकी खुर्ची आणि हा डबा
एकाच बोलीत सुटला.
आत रिळं दोन. झाकणावरच्या गंजातून
'घोडा' एवढाच इंग्रजी शब्द धोंडोपंत कस्तुऱ्यांना लागला,
बाकीचं चित्र त्यांनी तोंडानं पुरं केलं.

तंबू गोदेच्या वाळवंटात,
पडद्यावरही वाळवंटच,
मधे फक्त एक शिवण घातलेली चादर.
पंत काठी घेऊन उभे:
"हा फौजदार. ही सावकाराची पोर.
हा टोपीवाला गुराखी, पण याच्याकडे गुरं नाहीत.
का नाहीत, ते पुढं कळेल."
पुढं कळत नसे.
लहानू फरशीच्या तुकड्यावर करवंट्या आपटी,
घोडा थांबला तरी दोन टापा जास्तीच्या.
सपाट माथ्याचा डोंगर आला की पंत म्हणत,
"हा आपला रामशेज,"
आणि आशेवाडीची माणसं शिट्ट्या मारत.

शेवट डब्यात नव्हताच.
दुसरं रीळ तुटे तिथं
गुराखी खिंडीच्या तोंडाशी, एक पाय रिकिबीत,
मान वळवून कुणाकडे तरी बघतोय
आणि एकदम पांढरं.
पंत रोज वेगळा शेवट सांगत.
एरवी लग्न. बुधवारी बाजाराची गर्दी,
म्हणून मरण.
एकदा अंगात ताप होता, तेव्हा नुसतं म्हणाले,
"गेला बिचारा. तुम्हीही घरी जा."

मग पडदाच बोलायला लागला.
रिळं वजनावर गेली कासम झारेकऱ्याकडे.
सराफ बाजाराच्या गटारातली धूळ धुऊन
जो सोन्याचा कण काढी,
त्याला चित्र धुणं काय अवघड?
ऊन पाणी, सोडा.
आधी आभाळ सुटलं, मग टोपी, मग त्या पोरीचं तोंड.
तळाचा काळा गाळ
टाकणखार घालून मुशीत आटवला;
चांदी भरली दोन तोळ्यांना गुंजभर कमी.
उरलेल्या कोऱ्या पट्ट्या डोळ्यांना लावून
गल्लीतली पोरं म्हणाली, काहीच दिसत नाही.

कासमभाई आमच्या आज्याचे शेजारी, म्हणून हे मला ठाऊक.
मी त्याच बाजारात तुटल्या दागिन्यांना डाक लावतो.
कुठल्याशा परदेशी यादीत
त्या चित्रापुढे लिहिलंय म्हणे: प्रत उपलब्ध नाही.

आहे की.
एका जागी नाही, इतकंच.
चांदी मोडते, घडते, पुन्हा मोडते,
कुणाच्या निरांजनात असेल, कुणाच्या करंड्याच्या बुडाला.

काल एका बाईनं बाळाचा वाळा आणला, कडी निघालेली.
फुंकणीनं ज्योत धरली,
धातू क्षणभर पांढरा झाला
आणि मी हातातलं विसरून
खिंडीकडे बघत राहिलो.

"किती द्यायचे?"
तीस, म्हणालो.
बाळ तिच्या कडेवर
लाथा झाडत होतं.