पाणी

लाइन रात्री दीडला येते, पंपांसाठी.
तेव्हाच माझी भट्टी. बटण दाबतो,
आकडे चढतात, आणि बाबा
खाटेवरून विचारतात : कोणता रंग आला?

त्यांची हयात रंगावर गेली.
आधी गुंज, मग पळस, मग पिकली संत्री.
लोहचुंबक चिकटेना झालं की तेलात.
आता मोतीबिंदूत सगळं एकाच रंगाचं.
आणि हे पोलाद रंगाला भुलत नाही :
एक हजार पासष्ट म्हणजे एक हजार पासष्ट.

सहा पाती, पत्र्याच्या पाकिटात,
कडा तीनदा दुमडून, कुंकवाची पुडी बांधावी तशी.
आत कागदाचा कपटा,
उरलीसुरली हवा त्यानं जळून खावी म्हणून.
दहा मिनिटं मुरायचं.
मध्येच दिवा मंदावला, आकडा घसरला,
कुण्या मळ्यात मोटार लागली असेल.
मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मग चिमटा, पाकीट,
ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्या, वाइसात आवळून.
बाबा कान देऊन होते.
चर्र नाही. वाफ नाही. तेलाचा करपट वास नाही.
"पानी कुठी देल्लं?"
"पानी नाई लागत याले, बाबा."
वाजंत्रीशिवाय वरात गेल्यासारखे
ते बराच वेळ गप्प.

उजाडताच गुरांच्या दवाखान्यात.
बेलसरे पर्यवेक्षकांच्या थंड नळकांड्यात
वळूचं बीज असतं, त्याच्या शेजारी
तासभर माझी पाती सोडली.
"गाय गाभण नाई राह्यली तं तुह्यं नाव सांगीन."

दुसऱ्या रात्री एकशे ऐंशीवर,
दोन तास, गार करून परत दोन तास,
पोलादाची गुर्मी थोडी उतरेपर्यंत.

बाबांनी कानस मागितली.
पात्यावरून ती काचेवरून जावी तशी घसरली.
पुन्हा घासली. पुन्हा घसरली.
"पानी चढलं," ते म्हणाले,
"कुठून पेलं कोन जाने."

सहातलं एक किंचित वाकलं होतं.
तेच सुमित्रा युवनातेनं उचललं, रोपवाटिकेतल्या :
"मी डावरी हावो, मले हेच बसते."
जंबेरीच्या खुंटाला उभा चिरा, आडवा चिरा,
साल उचलून आत संत्र्याचा डोळा.
दुपारपर्यंत नऊशे. तिचा जुना चाकू
तोवर चिकानं काळा झालेला असायचा.
हा तिनं पदराला पुसला, लखलखीत.

संध्याकाळी बाबांना सांगितलं.
ते अंगठ्यानं धार चाचपत होते.
"जे काळं पडतच नाई," म्हणाले,
"त्याचं वय कसं समजन?"