समुद्रदेशक

पाटी नवी होती, खोली जुनीच:
फुटक्या भात्याची पेटी, लेझमींचं खोकं,
एक नकाशा, ज्यातला आपला किनारा वाळवीने खाल्लेला.
दारावर लिहिलं होतं: सौ. कुमुदिनी कुबल, समुपदेशक.
पाचवीतल्या कुणीतरी अडखळत वाचलं, समुद्रदेशक,
आणि वेंगुर्ल्याच्या त्या शाळेत
तू शेवटपर्यंत तीच राहिलीस.
हेडमास्तर चिडले. तू म्हणालीस,
वाचूंदेत. बरोबर वाचतत.

त्याआधी तेवीस वर्षं शिवण:
काजं, टीप, धावदोरा.
मग पन्नाशी उलटल्यावर पोस्टाने आलेली जाड पुस्तकं,
परीक्षेला कोल्हापूर, लाल गाडी,
घाटातल्या प्रत्येक वळणावर ओकारी.
पहिल्या खेपेला तू नापास झालीस.
ती गुणपत्रिका टेबलाच्या काचेखाली ठेवलीस,
येणाऱ्याला दिसेल अशी.
पास झालेली कुठे गेली, कुणालाच सापडली नाही.

समोर बसलेल्या पोराला तू काही विचारायची नाहीस.
फाटक्या जाळ्याचा तुकडा पुढे सारायचीस, सुई, दोरा.
हात गुतले की तोंड सुटता, म्हणायचीस.
कुणाचं सुटायचं.
कुणी नुसतंच तासभर गाठी मारून
घंटा झाली की उठून जायचं.
तेही तू वहीत लिहायचीस.

मलाही दार वाजवूनच यावं लागे.
बाहेर बाकावर, रेडकरांचा उदय
आणि सतत नखं खाणारी एक मुलगी, यांच्या मधोमध.
आत गेल्यावर तू म्हणायचीस, कुबल, बस.
जशी काही माझ्या डोक्याला सकाळी
तेल तू लावलंच नव्हतंस.

सातवीत, मासेमारी बंद असते त्या दिवसांत,
होड्या शाकारून वर ओढलेल्या
आणि पुरुषांची दुपार संपता संपत नाही,
तेव्हा मी तुला सांगितलं बाबा काय करतात ते.
माझे बाबा. तुझा मुलगा.
तुझी सुई थांबली नाही.
पुढे? एवढंच विचारलंस.
मी पुढे सांगितलं.

रात्री त्यांना नेहमीसारखंच वाढलंस,
बांगड्याचं डोकं, आवडतं म्हणून.
मग दोघंच खळ्यात बसलात.
दाराआडून ऐकायला गेले
तर तू काही बोलतच नव्हतीस.
बाबांच्या मांडीवर जाळं होतं.

सकाळी त्यांनी माझी वेणी घातली. वाकडी.
ती मी दिवसभर सोडली नाही.

तुझ्या बाराव्याला चपलांना खळं पुरलं नाही.
कोण कुणाचं, विचारायचं आम्ही सोडून दिलं.
एसटीचा एक कंडक्टर, गणवेशातच आलेला,
न जेवता मागीलदारी गेला,
पोफळीच्या झावळ्या गोळा करून
नीट रचून ठेवल्या, आणि निघून गेला.

पाहुणे पांगल्यावर वही सापडली.
त्यात नावं नाहीत. मासे आहेत.
पेडवा: आज हसला.
सौंदाळा: आईचं पत्र नाही. उद्या पोस्टात विचारणे.
मुडदुशी: चार गाठी. शब्द नाही. गाठी चांगल्या.
पुठ्ठ्याच्या आत तुझं शिवणासारखं बारीक अक्षर:
मी गेल्यावर न वाचता जाळणे.

मी दोन पानं वाचली, आजी.
खोटं नाही बोलत, मी स्वतःला शोधत होते.
तिसऱ्या पानावर एक ओळ होती,
सुरमई: हा माझा. याचं मी कसं ऐकू,
आणि खाली सोळा तारखा, ओळीने,
प्रत्येकीपुढे फक्त: ऐकलं.

न्हाणीच्या चुलीत वही घातली.
पानं पटकन गेली, पुठ्ठा उशिरा पेटला.
पाणी कढत झालं.
आधी बाबांनी आंघोळ केली.
मग मी.
दोघांना पुरलं.