खुलासा

मा. लेखापरीक्षक साहेब,
आपला आक्षेप क्रमांक सतरा मिळाला.
"बालवॉर्ड, खाट नऊ. जबाबदार व्यक्ती म्हणून
सही करणारे लिपिक रुग्णाचे कोण लागतात,
याचा खुलासा करावा."

करतो.

पोराचं नाव यल्लप्पा. वय अंदाजे सहा.
अंदाजे, कारण आईनं सांगितलं ते असं:
येलदरीच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हाचा हा,
मुरूम पडला तेव्हा पोटात,
डांबर पडलं तेव्हा पाठीवर.
बाप खडी फोडतो. खडी जिथं, तिथं पाल.

बाहेर मुकादमाची जीप भोंगा वाजवत होती.
"कवर ठिवता?" तिनं विचारलं.
ढगे सिस्टर म्हणाल्या, सहा महिने गोळ्या,
त्यातले पहिले दोन इथंच.
"मंग ठिवा," म्हणाली,
आणि त्याच्या मुठीत चुरमुऱ्याची पुडी देऊन
मागं न बघता गेली.
(मागं बघितलं असतं तर जीप गेली असती.)

फॉर्मवरची चौकट रिकामी असली
तर स्टोअरमधून औषध निघत नाही.
मी पेन काढलं. सही केली.
नात्याच्या रकान्यापाशी हात थांबला.
मामा लिहावं तर खोटं.
शेजारी लिहावं तर मी राहतो कचेरीमागं
आणि ते रस्त्यावर.
रस्ता सरकारी.
परवा परभणीहून आपली गाडी त्याच रस्त्यानं आली.
चहा घेताना आपणच म्हणालात,
"जिंतूरपर्यंत एक गचका नाही बसला."
साहेब, ते गचके कुठं गेले
ते एक्स-रेमध्ये दिसतं.
उजव्या बाजूला, वरच्या अंगाला.
खिडकीपाशी धरून बघावं लागतं,
दिव्याची पेटी बंद आहे, तिचं पत्र जावक पुस्तकात आहे.

आक्षेप क्रमांक अठरा. अंडी.
आहार तक्त्यात नसताना बासष्ट अंडी.
पावती ख्वाजाभाईच्या गाड्याची, उलट बाजूस.
पहिल्या दिवशी वजन तेरा किलो चारशे.
काटा अर्धा किलो जास्त दाखवतो, हे धरून
आपणच वजाबाकी करावी.
गोळी वजनावर देतात, वजन अंड्यावर येतं,
अंडं कशावर येतं तो रकाना मला सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगं मोरीतून रडत आलं:
लघवी केशरी झाली.
सिस्टर म्हणाल्या, "अरे, औषध कामाला लागलं!"
तेव्हापासून वॉर्डातली चारही लेकरं
सकाळी एकमेकांना रंग सांगायची,
कुणाचा गडद, कुणाचा फिका,
आणि इतकी हसायची की खोकला यायचा,
आणि खोकला आला की
नाकातोंडावर रुमाल धरून पुन्हा हसायची.
याची नोंद कुठंच नाही. आक्षेपही नाही.

मधे अठरा दिवस लहान मुलांची गोळी आली नाही.
मोठ्यांची गोळी ब्लेडनं कापायचं काम
सिस्टर खिडकीशी बसून करायच्या,
सोनार गुंज तोलतो तशा.
भुकटी उरायची. ती कुणाची, हा हिशोब
मला अजून देता येत नाही.

बासष्टाव्या दिवशी आई आली, विजापुराकडून.
पोरानं ओळखलं. ती दारातच थांबली:
"ह्योच का?" म्हणाली.
चार महिन्यांच्या गोळ्या पदरात बांधल्या.
पुढचा मुक्काम विचारला तर
हातानं लांब कुठंतरी दाखवलं.
त्या दिशेला कोणता दवाखाना येतो
ते मी नकाशात शोधतोय.

नात्याचा रकाना अजून कोरा आहे.
फॉर्म सोबत जोडला आहे.

ता. क.
खाट नऊवर आज चारठाण्याची एक मुलगी आहे, तरन्नुम.
आई सोबत आहे. शिकलेली आहे.
मी फॉर्म पुढं केला, चौकट दाखवली.
ती म्हणाली, "सही मला येते.
गोळ्या आल्या का?"

साहेब,
या प्रश्नाला कृपया आक्षेप क्रमांक द्यावा
आणि तो
योग्य त्या टेबलावर पाठवावा.