अर्धा इंच

मापाची वही अजून माझ्याकडं आहे.
लाल कापडी पुठ्ठा, कडेला मशीनच्या तेलाचा डाग.
मंडी बाजारातलं आमचं दुकान आठ बाय सहा,
पण अंबाजोगाईतल्या सगळ्या पंथांनी
तिथं हात वर करून माप दिलंय.

पान सात. शिवलिंगय्या स्वामी.
छाती चाळीस, उंची अठ्ठावन्न, खिसा नाही.
'खिसा कशाला, नागोराव?'
म्हणत डावा तळहात पुढं करायचे.
तिथं काळंभोर लिंग, जांभळाएवढं.
'बघायचं ते इथंच. बघत राहायचं,
बघणारा आणि हे, दोन उरत नाहीत तोवर.'
बापू मान हलवायचे
आणि खडूनं काढलेला खिसा अंगठ्यानं पुसायचे.

जोग्याचं माप कधी लागलंच नाही.
वर्षातून एकदा यायचा, कानात जड मुद्रा,
गावाचं नाव विचारलं तर हसणारा.
दोन वार कोरं मांजरपाट टाकायचा पाटावर.
'आधी फाड. मग जोड.'
'अहो नाथबाबा, चांगलं अखंड आहे की ते.'
'फाटल्याबिगर जोडलेलं कुणी बघितलंय का?'
बापूंनी दातानं कड तोडली.
चर्रर्र झालं,
आणि मी गुंड्यांच्या डब्यातून मान वर केली.

बाळाचार्य उपनिषदं सांगायचे.
टेप गळ्याभोवती गेला की विचारायचे,
'कुणाचं माप घेतोस?'
'सदऱ्याचं.'
'सदरा कुणाचा?'
'शिलाई देईल त्याचा.'
दोघं इतके हसायचे की टाचण्या सांडायच्या.
त्यांच्या नावापुढं सव्वीस रुपये बाकी आहे.
मी ती खोडली नाही.

एका रात्री लाईट गेलेली.
बापू अंधारात जिभेनं दोरा ओला करत होते.
'बापू, ह्यांच्यातलं कोण पोचलं?'
'कुठं?'
'जिथं सगळे जायलेत तिथं.'
दोरा सुईत गेला तेव्हाच बोलले,
'मला काय कळतंय त्यातलं?
मला एवढंच कळतंय, टेप छातीला लागला
की माणूस फुगतो. अर्धा इंच.
स्वामी असो, जोगी असो, मोंढ्यातला हमाल असो.
मी ते अर्धा इंच धरूनच शिवतो.
उगं कुणाचा मोठेपणा कापायचा नाही.'

बायांची मापं माझ्याकडं. पंधराची होते मी.
महानुभावांच्या आश्रमातल्या भागूआईसा आल्या,
काळं वस्त्र धुऊन धुऊन राखेच्या रंगावर आलेलं.
चाळीस वर्षं भिक्षेचं खाल्लेलं,
एका झाडाखाली दुसरी रात्र न काढलेलं अंग.
मी टेप लावला आणि श्वास धरून आकड्याकडं बघत राहिले.
ही तरी. ही तरी नाही फुगणार.

आकडा हलला.

आईसांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.
मग बोळक्या तोंडानं खळखळून हसल्या,
'बघ गं बाई! अजून आहेच की मेलं.
लिहून ठेव. लपवू नको.'
मी लिहिलं. तेहतीस, आणि वर अर्धा.
बाकी सगळ्यांनी मला वाट सांगितली होती.
ह्यांनी आपण कुठवर आलोय ते दाखवलं.
दुकानाबाहेर पडल्यावरही
कोपऱ्यापर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

बापू गेले त्या वर्षी मी वही शेवटपर्यंत चाळली.
ते स्वतः कायम कुणी न नेलेले सदरे घालायचे,
बाही आखूड, नाहीतर खांदा उतरलेला,
आणि कुणी गुरू विचारला की म्हणायचे,
'गिऱ्हाईक.'
शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात
त्यांचं नाव होतं. नागोराव.
छाती, उंची, बाही, गळा,
सगळ्या रकान्यांत आडवी एकच रेघ,
आणि रेघेवर लिहिलेलं:
नंतर.

परवा आश्रमातून नवी मुलगी आली, विशीतली,
काळं कापड घेऊन, फार गंभीर.
मी टेप लावला.
ती फुगली.
मी बापूंसारखंच काही बोलले नाही,
आकडा लिहिला, आणि शिलाईत आत
बोटभर कापड जास्तीचं दुमडलं.